आधी ओटीपी, मग पान

जुलैचा दुसरा किंवा तिसरा रविवार आमच्या घरात ठरलेला असतो. दुपारी सगळ्यांनी आपापली आयकर विवरणपत्रं भरायची आणि रात्री केळीच्या पानावर सणाचं जेवण जेवायचं. मांस-मच्छी नाही, कांदा-लसूण नाही, पण थाट असा की कुणाला मटणाची आठवण येऊ नये. माझ्या भाच्याचं यंदा लग्न झालं. सूनबाई कोल्हापूरची. तिने फोनवर सरळ विचारलं, "आत्याबाई, या दोन गोष्टी एकाच दिवशी कशाला?" मी लेखा शाखेतून निवृत्त झालेली बाई. प्रश्न आला की लेखी उत्तर द्यायची सवय अजून गेलेली नाही. शिवाय लिहिलं म्हणजे भाच्यालाही वाचता येईल. तो या कानाने ऐकतो आणि त्या कानाने सोडतो.

तर सूनबाई, एकाच दिवशी अशासाठी, की विवरणपत्र भरायला कुणी डोंबिवलीला येत नाही, वडे खायला येतात. आणि सगळे एका छपराखाली आल्याशिवाय हे काम पुरं होत नाही. आजीच्या आधारला मोबाइल नंबर थोरल्या काकाचा जोडलेला आहे, काकूच्या खात्याला तिच्या मुलाचा. ओटीपी एकीकडे येतो, माणूस दुसरीकडे बसलेला असतो. फोनवर सहा आकडे विचारत बसण्यापेक्षा सगळ्यांना बोलावून घेतलेलं बरं. क्रम मात्र पक्का: आधी विवरणपत्र, मग जेवण. वरण-भातावर तूप पडल्यानंतर आकडे बघायला बसलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

दिवस कसा धरायचा तेही सांगते. पूर्वी मी तिथी बघायची, आषाढी होऊन गेली की पुढचा रविवार. पण अधिक महिना आला की तिथ्या पुढे जातात आणि विवरणपत्राची शेवटची तारीख, ३१ जुलै, जागची हलत नाही. २०२३ साली अधिक श्रावण होता, खरा श्रावण निम्मा ऑगस्ट उलटल्यावर लागला. २०२५ मध्ये उलट झालं: २४ जुलैला दिव्यांची अवस, २५ला श्रावण. गंमत म्हणजे २४ जुलै हाच आयकर दिन. १८६० साली याच तारखेला जेम्स विल्सनने हिंदुस्थानात आयकर आणला. तेव्हापासून आषाढ आणि आयकर एकमेकांच्या पायात येतात. त्यामुळे आता मी तिथी सोडते आणि तारीख धरते.

मुदत वाढेल या आशेवर बसू नका. २०२५ मध्ये ती १५ सप्टेंबरपर्यंत वाढली आणि वर आणखी एक दिवस मिळाला, हे खरं. पण त्या भरवशावर राहिलेल्यांनीच शेवटच्या रात्री संकेतस्थळ उघडत नाही म्हणून कपाळावर हात मारले. मुदत चुकली तर ५,००० रुपये शुल्क, उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००. त्याहून मोठा तोटा वेगळाच आहे, तो पुढे येईल. आणि घाईही नको. मे महिन्यात भरून मोकळं होणारे हुशार लोक असतात. पण शेवटच्या तिमाहीचा टीडीएस कळवायला कंपन्यांना आणि बँकांना ३१ मेपर्यंत वेळ असतो, फॉर्म १६ द्यायला १५ जूनपर्यंत. त्याआधी नोंदी अर्धवट असतात. म्हणून जुलैचा मध्य.

आता शनिवार. दोन्ही कामांचा खरा दिवस शनिवारच. रविवारी आपण फक्त चुलीपुढे आणि लॅपटॉपपुढे बसतो.

शनिवारी संध्याकाळी काळे वाटाणे भिजत टाकायचे. हे चिवट कडधान्य आहे, दोन तासांत गरम पाण्याने उरकतो म्हणणाऱ्याला कुकर सहा शिट्ट्या देऊनही दाद देत नाही. रात्रभर भिजले की सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधून ठेवायचे. मोड बारीक आले तरी पुरे. वड्याचं पीठ आपण घरचंच करतो: चार वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद, अर्धी वाटी हरभरा डाळ, चमचाभर मेथी, मूठभर धणे, सगळं कोरडं भाजून रवाळ दळलेलं. ते रविवारी सकाळी कोमट पाण्यात घट्ट मळून झाकून ठेवायचं, संध्याकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. अळू मात्र शनिवारी आणू नका, मरगळतं.

त्याच शनिवारी रात्री प्रत्येकाने पोर्टलवरून आपले दोन कागद उतरवून घ्यायचे: फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहिती विवरण, ज्याला सगळे एआयएस म्हणतात. एआयएसची फाइल उघडत नाही म्हणून दर वर्षी कुणी तरी रात्री अकरा वाजता मला उठवतं. परवलीचा शब्द म्हणजे पॅन, पण छोट्या लिपीतल्या अक्षरांत, आणि त्याला जोडून जन्मतारीख आठ आकड्यांत. फ्रिजवर चिकटवून ठेवा.

एआयएस वाचायला शिका, कारण सरकार आधी तेच वाचतं. तुमच्या बचत खात्यातलं व्याज, ठेवीवरचं व्याज, लाभांश, विकलेले शेअर आणि म्युच्युअल फंड, मोठे खर्च, सगळं त्यात आलेलं असतं. गेल्या वर्षी परतावा मिळाला असेल तर त्यावर मिळालेलं व्याजसुद्धा. ते उत्पन्न धरायचं असतं हे निम्म्या लोकांच्या गावीही नसतं. एखादी नोंद चुकीची दिसली, समजा संयुक्त खात्यातलं सगळं व्याज तुझ्याच नावावर आलं, तर तिथेच हरकत नोंदवायची सोय आहे. गप्प बसून आपला वेगळा आकडा भरू नका. पुढे संदेश येतो आणि मग आत्याला फोन येतो.

मुदत ठेवीचं आमच्या घराण्याला वर्षानुवर्षं समजावते आहे. बँकेने १० टक्के टीडीएस कापला म्हणजे कर भरून झाला, अशी समजूत आहे. टीडीएस हा नुसता विसार असतो, सौद्याची किंमत नंतर ठरते. तुमचा टप्पा २० टक्क्यांचा असेल तर उरलेले १० तुम्हीच भरायचे. ठेव पाच वर्षांनी मुरणार असली तरी बँक व्याज दर वर्षी जमा धरते आणि तसंच कळवते. पाचव्या वर्षी सगळं एकदम दाखवू म्हणणारा मधली चार वर्षं नोंदींशी भांडत बसतो. आणि आजीचा 'टीडीएस कापू नका' असं बँकेला सांगणारा फॉर्म भरताना डोकं ठिकाणावर ठेवा. एकूण कर शून्य येणार असेल तरच तो द्यायचा. नुसता टीडीएस नको म्हणून द्यायचा कागद नव्हे तो.

भाच्या, आता तुझ्यासाठी. तू ऑक्टोबरात नोकरी बदललीस. नव्या कंपनीला जुन्या पगाराचा तपशील दिलास का? बहुतेक पोरं देत नाहीत. हिशेब बघ. दोन्हीकडे मिळून पगार १४ लाख, समजा प्रत्येकीकडे ७. नवी करप्रणाली धरली तर दोघींच्या दृष्टीने तू १२ लाखांच्या आतला गडी, म्हणून दोघींनीही कर जवळपास कापलाच नाही. ७५,००० ची प्रमाणित वजावटही दोघींनी दिली. पण ती वर्षाला एकदाच मिळते. विवरणपत्रात १४ लाखांतून ७५,००० गेले, १३,२५,००० उरले. त्यावर उपकरासकट ८१,९०० रुपये कर होतो. वर महिन्याला १ टक्का दराने व्याज. ही रक्कम जुलैत एकदम बाहेर काढायला लागली की तोंडाला फेस येतो. दोन फॉर्म १६ असले तर दोन्ही आण. एकच आणलास आणि "तेवढंच आहे" म्हणालास, तर एआयएस तुझं बिंग फोडेल.

दुसरी गोष्ट शून्याची. १२ लाखांपर्यंत कर नाही, पगारदाराला १२,७५,००० पर्यंत नाही, असं टीव्हीवर ऐकून माझ्या धाकट्या पुतणीने विवरणपत्रच भरायचं नाही ठरवलं होतं. कर शून्य येणं वेगळं आणि विवरणपत्र भरायची गरज नसणं वेगळं. नव्या प्रणालीत उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की भरायलाच हवं, मग शेवटी सूट मिळून कर शून्य येवो. आणि त्या सुटीत सगळं उत्पन्न बसत नाही. शेअर वर्षाच्या आत विकून नफा केलास, तर त्यावर २० टक्के वेगळे. असा नफा असला की सोपा 'सहज' फॉर्म चालत नाही, आयटीआर-२ धरायचा.

नवी प्रणाली आता आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर विवरणपत्रात तसं सांगायला लागतं, आणि मुदतीच्या आत भरलं तरच ते ऐकलं जातं. मघाशी म्हणाले तो मोठा तोटा हाच. पुण्यात घरभाडं भरणाऱ्याला, घरकर्जाचं व्याज भरणाऱ्याला, दीड लाखाची बचत पुरी करणाऱ्याला कधी कधी जुनी परवडते. १ ऑगस्टला जाग आली तर तो दरवाजा बंद. पगारदाराला दर वर्षी निवड करता येते, तेव्हा दर वर्षी दोन्ही बाजूंनी आकडा काढून बघा, पोर्टलच काढून देतं. आणि नव्या प्रणालीत वजावट नाही म्हणून पीपीएफ बंद करू नका. पीपीएफ म्हातारपणासाठी असतो.

कलमांचे नंबर मी मुद्दाम सांगत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, ५३६ कलमांचा, जुने आकडे पाठ केलेले सगळे आता नव्याने शिकताहेत. मागचं वर्ष आणि आकारणी वर्ष ही जोडगोळी जाऊन त्यात एकच 'कर वर्ष' आहे. बरं झालं. त्या दोन वर्षांच्या घोळात किती चलनं चुकीच्या रकान्यात गेली असतील देव जाणे.

रविवारी दुपारी दोनला बसायचं, पाचला उठायचं. त्या वेळात स्वयंपाकघरात एकाने असायचं. यंदा ती पाळी भाच्याची, कारण काळ्या वाटाण्यांच्या सांबाऱ्याचं वाटप त्याने कधी केलेलं नाही. सूनबाई, तू लॅपटॉपवर बस.

वाटपाकडे नीट लक्ष दे रे. कांदा नाही म्हटल्यावर लोक पाण्यासारखी उसळ करतात आणि वर उपासाचं तोंड करून वाढतात. कांदा रश्श्याला गोडी आणि दाटपणा देतो. तो नसला की हे दोन्ही दुसरीकडून आणायचं. सुकं खोबरं किसून मंद आचेवर बदामी रंगापर्यंत भाजायचं, एक क्षणही जास्त नाही, करपलं की सगळं कडू. धणे, मिरी, लवंग, बडीशेप, थोडे तीळ, सुक्या मिरच्या वेगवेगळ्या भाजायच्या, एकत्र नाही, कारण धण्याला लागतो तेवढा वेळ तिळाला लागत नाही. त्यात थोडं ओलं खोबरं घालून गंधासारखं वाटायचं. शिजलेले वाटाणे डावभर काढून त्याच वाटपात वाटले की रस्सा आपोआप धरतो. फोडणीला हिंग सढळ हाताने. वाटाणे पूर्ण मऊ झाल्यावरच आमसुलं घालायची. आंबट आधी पडलं तर कडधान्य शिजायचं थांबतं. शेवटी सुपारीएवढा गूळ. कोल्हापूरच्या माणसाला तांबड्या रश्श्याची तर्री हवी असते हे मला ठाऊक आहे. मिरच्या थोड्या वाढवल्या तरी माझी हरकत नाही.

अळूचं फदफदं म्हणजे खाज येणार, अशी धास्ती असते. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. चिरताना हाताला तेल लावायचं, देठं सोलून घ्यायची, पुरेसं शिजवायचं आणि चिंचेला कचरायचं नाही. आंबट चुका मिळाला तर जुडीभर घालायचा. शेंगदाणे आणि हरभरा डाळ सकाळीच भिजत टाकलेली असावी. हिरव्या देठाचं अळू भाजीला, काळ्या देठाचं अळुवड्यांना. बाजारात उलटं सांगणारे भेटतात.

कोशिंबीर कुणीही करेल. सोलकढी लसणाशिवाय होते, हिरवी मिरची आणि कोथिंबीर पुरते. फक्त गॅसवर ठेवायची नाही, नारळाचं दूध फुटतं.

गोडाला पुरणपोळी हवी अशी मागणी दर वर्षी येते आणि दर वर्षी मी नाही म्हणते. पुरणाच्या दिवशी घरातल्या बायका दिवसभर पुरणाच्याच असतात. विवरणपत्राच्या दिवशी पातोळ्या. या दिवसांत हळदीची पानं बाजारात असतात. तांदळाच्या पिठीचं सरसरीत पीठ पानावर पसरायचं, त्यावर ओलं खोबरं आणि गुळाचं चून, पान मिटायचं आणि मोदकपात्रात वाफवायचं. वाफ धरली की सगळ्या घरात हळदीच्या पानाचा वास जातो आणि लॅपटॉपवाले उठायला बघतात. तेव्हाच त्यांना सांभाळायचं असतं, कारण तेव्हाच घाईने 'सबमिट' दाबलं जातं.

नैवेद्याचा स्वयंपाक आपण चाखत नाही. म्हणून मिठाचा हात मोजूनमापून: वाटीभर तूरडाळीच्या वरणाला एक सपाट छोटा चमचा, भातात अजिबात नाही. देवाचं पान आधी काढायचं, मग उरलेल्यात काय कमी-जास्त ते बघायचं. विवरणपत्र मात्र पाठवण्याआधी चाखायचं, तेही दुसऱ्याने. सूनबाईचं काकाने वाचायचं, काकाचं सूनबाईने. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. तीन गोष्टी बघायच्या: बँक खाते क्रमांक बरोबर आणि पोर्टलवर प्रमाणित झालेला आहे का, २६एएसमधला सगळा टीडीएस फॉर्ममध्ये आला का, आणि 'देय कर' शून्य आहे का. शून्य नसेल तर आधी कर भरायचा, चलनाचा तपशील घालायचा, मगच पाठवायचं. पाठवल्यावरही चूक सापडली तर सुधारित विवरणपत्र भरता येतं, घाबरायचं कारण नाही.

पाठवलं म्हणजे झालं नाही. ३० दिवसांत पडताळणी करायला लागते, ती केली नाही तर विवरणपत्र भरलेलंच नाही असं धरतात. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांचा परतावा यातच अडकला, माणूस वर्षभर बँकेला दोष देत होता. आधारचा ओटीपी घालायला मिनिटही लागत नाही. म्हणून आमच्याकडचा नियम: ज्याची पडताळणी झाली त्याचंच पान मांडायचं. थोरल्या भावोजींनासुद्धा यातून सूट मिळालेली नाही.

आजीचं विचारलंस ना? पंच्याहत्तरी पार केलेल्यांना विवरणपत्रातून सवलत आहे, पण पेन्शन आणि व्याज दोन्ही एकाच बँकेतून येत असेल, दुसरं उत्पन्न नसेल आणि बँकेला तसं लिहून दिलं असेल तरच. आजीच्या ठेवी दोन बँकांत. समजावून थकले. एक बँक घराजवळ आहे आणि दुसरीतला शिपाई ओळखीचा आहे, असं ती म्हणते. तेव्हा तिचं आपल्यालाच भरायचं आहे.

पान मांडताना निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे सांबारं आणि फदफदं. मधे भाताची मूद, त्यावर वरण, त्यावर तूप. वडे पंगत बसल्यावर तळायचे. तेल चांगलं तापलेलं हवं, नाही तर वडा तेल पितो आणि फुगत नाही. पहिल्या पंगतीला मुलं आणि आजी, दुसरीला आपण. तळणारा माणूस दुसऱ्या पंगतीत बसला पाहिजे. त्याला उरलंसुरलं वाढणं मला मुळीच खपत नाही.

जेवणं झाल्यावर प्रत्येकाने आपली पोचपावती, दोन्ही विवरणं, फॉर्म १६ आणि व्याजाचे दाखले एका पाकिटात घालून वर वर्ष लिहायचं. मी आठ वर्षांची पाकिटं ठेवते, त्याआधीची रद्दीत. पुढे काही दिवसांत "तुमचा परतावा मंजूर, इथे दाबा" असे संदेश येऊ लागतील. कुठेही दाबू नका. आयकर खातं फोनवर ओटीपी किंवा पिन विचारत नाही. परतावा असेल तर तो खात्यात आपोआप येतो.

बाकी समोरासमोर बोलू. शनिवारी संध्याकाळच्या आत पोहोचा, वाटाणे तुमच्या हातूनच भिजवायचे आहेत. भाच्याने दोन्ही कंपन्यांचे फॉर्म १६ आणावेत, सूनबाईने आपल्या बँकेचा व्याजाचा दाखला, आणि वाटेत स्वस्त मिळाले तर चार-पाच नारळ. डोंबिवलीत भाव फार चढलेत.